उजव्या चाकाचा ड्रम

दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी, चैत्रातल्या एका मंगळवारी, माझा भाऊ मोटार घेऊन गंगाखेडला निघाला. ओढ्याच्या पुलाअलीकडे मोटार रस्ता सोडून डावीकडे खाली गेली. दुपारी त्याला बैलगाडीतून घरी आणलं.

मोटारीत तो एकटाच होता, त्यामुळे काय झालं हे सांगणारं कोणी नव्हतं. मग गावानेच सांगायला सुरुवात केली. झोप लागली असेल, म्हैस आडवी आली असेल. दहाव्यापर्यंत बाकीचं सगळं गळून एकच गोष्ट उरली, की तो प्यालेला होता. ती पारावर पहिल्यांदा बोलले ते माझे सख्खे काका. भाऊ पीत नव्हता. पण उतार सरळ होता आणि सकाळचं लख्ख ऊन होतं. अशा जागी शुद्धीवरचा माणूस ओढ्यात कसा जाईल, असं लोक विचारत.

मोटार बैल लावून वर ओढली आणि गोठ्यामागे आणून ठेवली. तिच्यावरून दोन पावसाळे गेले. मी गावच्या शाळेत शिकवत होते. शाळेतून येताना ती दिसू नये म्हणून वेशीकडून वळसा घालून घरी येई. आबांना, माझ्या वडिलांना, ती तशीही दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवाळीनंतर ते एकदा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "परभणीचा मिस्त्री बोलवा. ब्रेक लागत व्हते का न्हाई, येवढंच त्यानं सांगावं. मंग मोटार कुनाला बी देऊन टाका."

मिस्त्री पिंगळी स्टेशनावरून सायकलने आला. हत्यारांची पिशवी मागच्या कॅरिअरला बांधलेली होती. मागची चाकं त्याने सहज खोलली. तिथले ब्रेक ठीक होते. पुढचं डावंही उघडलं. पुढचं उजवं मात्र हटून बसलं. चाक निघालं, पण त्यामागचा लोखंडी ड्रम गंजून मधल्या तबकडीला धरून बसला होता. ब्रेकचे पट्टे त्याच्या पोटात असतात. तो निघाल्याशिवाय आतलं काही दिसत नाही.

मिस्त्रीने ड्रमच्या तोंडावरचे दोन स्क्रू छिन्नीने फोडून काढले. कडेने रॉकेल सोडलं आणि लाकडी मोगरीने गोल फिरत ठोकू लागला, एक ठोका वर, एक खाली. काका आबांजवळ बाजेवर बसले होते.

"घन घाल की दोन," काका म्हणाले. "असं भजन करायलास का त्याच्याम्होरं?"

"घनानं फुटंल, काका. मंग तुमी चिटकवून द्याल का बाभळीच्या डिंकानं?"

"शेहरातला मिस्त्री, अन् दुपार झाली तरी हालंना."

"दोन पावसाळं तुमी त्याला भिजत घातलं. मला दोन घंटे तर द्या."

आबा हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. मग मला म्हणाले, "माय, तू तिथं जवळ थांब. तू शिकलेली हायस. काय निघंल ते बगून मला नीट सांग."

मी जाऊन मिस्त्रीच्या शेजारी उभी राहिले. ड्रमच्या तोंडाला बोट जाईल एवढं एक भोक होतं. त्यातून पेचकस घालून त्याने आतले पट्टे सैल केले, पुन्हा रॉकेल सोडलं, पुन्हा ठोकलं. गंजाचे पापुद्रे त्याच्या पायांवर पडत होते. शेवटी कट्‌ असा आवाज झाला. दोन्ही हातांनी हलवत हलवत त्याने ड्रम बाहेर घेतला आणि उताणा केला.

आत गंज नव्हता.

आत काळं, घट्ट वंगण होतं. पट्ट्यांवर ते थापल्यासारखं बसलं होतं आणि त्यात अंबाडीच्या वाखाचे धागे होते. मिस्त्रीने बोटावर घेतलं, वास घेतला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे मोटारीचं न्हाई. हे बैलगाडीचं हाय. एरंडीचं तेल अन् राख. इथं कसं आलं?"

ते कसं आलं हे मला त्याच क्षणी कळलं. त्या मंगळवारी सकाळी याच चाकाचं पंक्चर काढायला भावाने चाक उतरवलं होतं आणि तो ट्यूब घेऊन आत गेला होता. ते चाक आठवडाभर ब्रेक मारताना किंचाळत होतं. किंचाळणारं चाक दारात उभं असणं म्हणजे आबांना घराची अब्रू गेल्यासारखं वाटे. आमच्या बैलगाडीचा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. त्यांनी चाचपून ते भोक शोधलं. भोक आहे म्हणजे तेल घालायलाच असणार. काडीला वाख गुंडाळून, वंगणात बुडवून, ते सावकाश आत सारत बसले होते. बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं मीच त्यांना आणून दिलं होतं.

"ब्रेक मारला की डाव्यानं धरलं," मिस्त्री म्हणाला. "उजवं धरलंच न्हाई. गाडी डावीकडं खेचली. त्याचा काय बी दोष न्हाई, बाई."

मी मोटारीच्या पत्र्याला धरलं.

"काय निघालं?" आबांनी बाजेवरून विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. मी काय बोलते त्यावर तो थांबला होता.

"या चाकाची नळी फुटलेली आहे, आबा. ब्रेकच्या तेलाची. ब्रेक लागलेच नसते."

"व्हय, मालक," मिस्त्री म्हणाला. "फुटलीच हाय." आणि त्याने ड्रममध्ये रॉकेल ओतून चिंधीने तो पुसायला घेतला.

आबांनी काकांच्या दिशेला मान वळवली. "ऐकलंस का रं?"

काका उठले, पारावर गेले आणि तिथल्या लोकांना त्यांनी नळीची गोष्ट सांगितली, हे मला नंतर कळलं. भावाला त्यानंतर कोणी दारुडा म्हणालं नाही.

मला वाटलं, आता संपलं. संध्याकाळी मी आबांना चहा दिला तेव्हा ते म्हणाले, "माय, त्या दिशी त्या चाकाला वंगन घातलं ना मी. त्या नळीपाशीच तर हात व्हता माझा. येवढा हात फिरला, अन् फुटकी नळी लागली न्हाई हाताला."

मी म्हणाले, "ती आत असते, आबा."

"आत असली तरी," ते म्हणाले.

हे वाक्य ते त्यानंतर अकरा वर्षं बोलत राहिले. मला त्यांना दुसरं काही सांगता आलं नाही. खरं सांगितलं असतं तर ते अकरा दिवस जगले नसते असं मला वाटे. कधी वाटे, नळीऐवजी दुसरं काही सुचायला हवं होतं.

आबा गेले, काका गेले. मिस्त्री परभणी सोडून कुठे गेला ते माहीत नाही. मोटार भंगारात गेली. ते वंगण कोणी घातलं हे आता मला एकटीला ठाऊक आहे.