शेठच्या मिलमधली आमची मेस

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी तुरीची डाळ निवडायला जायची. मिलचा एक कायदा होता: शेठच्या गादीकडं जायचं तर चपला फाटकापाशीच काढायच्या. गादीशेजारी तिजोरी होती, म्हणजे तिथं लक्ष्मी. मजुरी घ्यायला भर दुपारी आम्ही बाया तापलेल्या शहाबादी फरशीवरून अनवाणी पळायचो.

मग खडे वेचणारं यंत्र आलं आणि आम्हाला घरी बसवलं. पुढं मोठ्या मिलांपुढं शेठचीही मिल टिकली नाही. यंत्रासकट कुलूप लागलं.

तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. अहमदपूर, शिरूर अनंतपाळची पोरं डॉक्टर व्हायला येत होती, आणि पोरांना भूक लागतेच. मी घरातून डबे सुरू केले. डबे वाढत गेले, तशा मिलमधल्या मैत्रिणी एकेक करून कामाला बोलावल्या. घर पुरेना तेव्हा शेठची रिकामी मिलच भाड्यानं घेतली आणि मेस काढली. गादीच्या जागी शेगड्या मांडल्या.

पहिल्या दिवशी दुपारी शेठ बघायला आले, ते बुटासकट थेट शेगडीपर्यंत. मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, बूट फाटकापाशी काढा. इथं अन्न शिजतंय."

शेठ फाटकापर्यंत गेले, वाकून नाड्या सोडल्या आणि परत निघाले. फरशी तापलेलीच होती. चटाचट पाय उचलत ते आत आले, अगदी आम्ही यायचो तसे.