दगड, एक नग

गिरधरनानांचा सातबारा तलाठ्याकडे कमी आणि नानांच्या अंगावरच जास्त वाचता येई. कपाळावरची खोक म्हणजे उत्तरेचा बांध. वाकडी करंगळी म्हणजे विहिरीकडची पायवाट. डाव्या कानाची पाळी चुलत-चुलतभाऊ धनसिंगने दाताने नेली होती. तरी पुढच्याच महिन्यात धनसिंगच्या मुलीच्या लग्नात नानांनी पंगतीला भरीत वाढलं, उरलेल्या दीड कानानिशी.

सावद्याजवळ दोघांच्या बांधावर एक टेकाड आहे. त्याची राखेसारखी पांढरी माती केळीला मानवते, म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दोघंही आपापल्या बाजूने ती खणून नेतात. यंदा नानांची कुदळ कवटीवर आली. कवटीला कानाच्या वर अंगठा जाईल एवढं भोक. शेजारी एक गुळगुळीत दगड, वरवंट्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा, पण एका टोकाला धार.

नानांचे आजोबा साठ वर्षांपूर्वी केळीला पाणी द्यायला गेले ते परतलेच नाहीत. त्यांना धनसिंगच्या आजोबाने मारलं, असं दर आखाजीला पितरांची घागर भरताना घरात म्हटलं जाई. आता पुरावाच हाती आला. नाना दगड घेऊन बांध ओलांडून गेले.

धनसिंग विळ्याने केळीची वाळकी पानं कापत होता. "काय नाना, आज इकडे वाट चुकले?"

"माह्या आबाले तुह्या आज्यानं मारलं!"

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. धनसिंगने विळा फिरवला तो नानांच्या मनगटापासून कोपरापर्यंत फाडत गेला. दुसरा घाव डोक्यात. धनसिंग सरीत आडवा झाला, तोंडातली शिवी अर्धीच राहिली, आणि सरीतलं पाणी लाल झालं. नानांनी तिसऱ्यांदा दगड उचलला. मुठीत तो असा बसला होता, जणू त्यांचंच माप घेऊन घासलेला.

"थांबा!" नानांची बायको मंदाबाई भाकरी घेऊन टेकाडावर आली होती, ती कवटी उचलून धावत आली. "तुमच्या आबाले दात होते का?"

"काय?"

"सासूबाई सांगे, आबाले भाकर दुधात कुस्करून लागे. तोंडाचं बोळकं होतं. याचे मोजा, सारे जागेवर हायेत!"

नानांचा हात वरच राहिला.

धनसिंगला जळगावला हलवलं. नानांच्या हाताला बावीस टाके घालून त्यांना ठाण्यात बसवलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं: दगड, एक नग.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणारी नूतन मॅडम कवटी आणि दगड बघायला ठाण्यात आली. "नाना, ही नवाश्मयुगातली कुऱ्हाड आहे. हजारो वर्षांपूर्वीची. तुमच्या टेकाडावर नुकतेच पेरायला शिकलेले लोक राहायचे. पाट्यावर रगडलेल्या धान्यातली कच खाऊन दात कसे झिजलेत बघा."

"अन त्याले कोनं मारलं?"

"ते कसं सांगता येईल?"

"मी सांगतो. चुलतभावानं. पेरायले लागले, म्हंजे बांध आलाच."

नूतनने पंचनाम्याच्या पिशवीतला दगड उजेडात धरला. "यावर हे डाग कसले?"

"ते ताजे हायेत, ताई."

तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. तो ऐकून हवालदार हसला. "धनसिंग शुद्धीवर आला, नाना. पहिलं काय विचारलं माहीत आहे? 'नानानं पांढरी माती कुठलोक खनली?'"

"म्हंजे जिता हाये भामटा!" नाना म्हणाले, आणि टाक्यांच्या हातात तोंड खुपसून हमसाहमशी रडले.