भट्टीटोलीची मंडई

वैनगंगेच्या काठाला चिकणमाती होती आणि पाणीही, म्हणून एकाहत्तर साली तिथे कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, कारखाना निघाला. कारखान्याभोवती झोपड्या, मग कारखान्याचीच फुटकी कवेलू घातलेली घरं, मग दोन धानगिरण्या, एक आरागिरणी, पोस्टाची पेटी आणि तीन पानठेले, अशी भट्टीटोली वाढत गेली. एकोणऐंशीपर्यंत दोनशे घरं झाली. सरकारदप्तरी ती अजून 'नदीकाठची पडीत' होती. तेजरामला त्याचं काही वाटत नसे. त्याचं दुःख निराळं होतं : भट्टीटोलीला मंडई नव्हती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. ज्या त्या गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच आणि घरोघर पाहुणे. ज्या गावाला मंडई नाही, तिथे पाहुणा म्हणून जायला निमित्तच नाही.

तेजराम भट्टीत जाळ घालणारा. मूळचा सिहोऱ्याकडचा, सासुरवाडी करडीची. आठ वर्षं तो करडीच्या मंडईला जाऊन मटणाचा रस्सा ओरपत होता, आणि आठ वर्षं त्याचा थोरला साळा, खुशालराव, वाढता वाढता म्हणत होता, "घ्या जवाईबापू, घ्या. तुमच्या टोलीत तं आमाले कोनी बोलावत नाही."

"या ना मंग. कवाही या."

"पाहू. बैल मोकळे असले तं."

आठ वर्षांत बैल एकदाही मोकळे झाले नाहीत. तेजरामच्या बायकोला, शकुनबाईला, भावाने आपलं घर पाहिलं नाही हे इतकं लागलं होतं की ती तो विषयच काढत नसे. करडीहून आल्यावर फक्त भांडी जोरात घाशी.

ऐंशी साली तेजरामने पानठेल्यासमोर सभा घेतली. अडचण एकच निघाली : अशुभ अमावस्या सोडली तर महिन्यातला एकही दिवस शिल्लक नव्हता. आज ह्या गावाची, उद्या त्या गावाची. शिवाय कारखान्याला सुट्टी फक्त अमावस्येला. मॅनेजर विज्ञानाचा पदवीधर होता. अमावस्येला भट्टी पेटू देत नसे आणि विचारलं की 'देखभाल' असं सांगे.

"मंग अमोशेलेच भरवू," तेजराम म्हणाला.

आरागिरणीतला भैय्यालाल उठून उभा राहिला. "अमोशेले? भुताईची मंडई भरवता का बे?"

"भरवू. थेही पाहुनेच."

शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आपल्या टोलीत भूत टिकते कुठी? भोंग्यानं बहिरं होऊन पयते."

ठराव मंजूर झाला.

तेजराम करडीला आमंत्रण घेऊन गेला. खुशालरावाने ते दारातच ऐकलं. "अमोशेले बैल जुपत नाही मी. शकूले सांगा, राग नोको मानू."

हा निरोप तेजरामने घरी सांगितला नाही. शकुनबाईने अकरा माणसांचा स्वयंपाक केला.

कार्तिकातल्या त्या अमावस्येला जे घडलं त्याचा हिशेब कोणीच धरला नव्हता. त्या दिवशी अख्ख्या मुलखात दुसरी मंडई नसल्यामुळे सगळेच रिकामे होते. मोहाडीहून पाळणेवाला आला. दंडारीचे दोन फड न बोलावता आले आणि जागेवरून भांडले. शुभ-अशुभाचा विचार करणारी माणसं विचार करून दुपारपर्यंत पोचली. भट्टीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मॅनेजर देखभाल सोडून गोडीशेव खात उभा होता.

तेजराम मात्र सडकेकडे पाहत होता. शकुनबाईने रस्सा तिसऱ्यांदा गरम केला.

तीन वाजता करडीचा खासर, दोन बैलांची हलकी गाडी, आला. वर खुशालराव, त्याची बायको आनंदाबाई आणि पोरंसोरं.

"पाहुना म्हनून नाही आलो मी," तो उतरताच म्हणाला. "करडीतले लोक अमोशेले कुठी चालले, थे पाहाले आलो."

"सकाळधरनं तेच म्हनून राहिले," आनंदाबाई म्हणाल्या. "नवा सदरा मंग काहून घातला, इचारा."

खुशालराव तीनदा जेवला. मग घरभर फिरला, कवेलू मोजल्यासारखी पाहिली आणि बहिणीला म्हणाला, "घर चांगलं हाये वो शकू. हवेशीर." कवेलू फुटकी होती, त्यामुळे हे खरंच होतं. शकुनबाईने पदराने तोंड पुसलं, डोळ्यांपर्यंत पुसलं.

निघताना खासरात चढून तो म्हणाला, "पुढच्या साली करडीले या बरं, जवाईबापू."

तेजरामने आठ वर्षं रोखून ठेवलेला श्वास सावकाश सोडला.

"पाहू," तो म्हणाला. "भट्टी मोकळी असली तं."

शकुनबाई इतकी हसली की बैल बिचकले.