सरदाराला एकच कारण होतं

मामाचा फोन आला तेव्हा मी परभणीत, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. मामा एरवी फोनवर आधी जयभीम घालतो, मग जेवलीस का विचारतो, मग कामाचं बोलतो. त्या सकाळी तो यातलं काहीच बोलला नाही. “मितू गेली गं...” एवढंच म्हणाला, आणि मागून मामीचा आवाज ऐकू आला. चार दिवस साधा ताप होता. पण मितूच्या छातीचे स्नायू इतके थकले होते की साधा तापही तिच्यासाठी साधा नव्हता. पाथरीहून तिला परभणीला हलवायचं ठरलं, गाडी दारात आली, आणि गाडीत बसवायच्या आधीच तिचा श्वास थांबला. मी मिळेल त्या जीपनं पाथरी गाठली. तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. चेहरा शांत होता, पण ओठ थोडे आवळलेले... काही तरी ठामपणे बोलायच्या आधी ती करायची तसे. याला आता काही आठवडे होऊन गेले, तरी लिहायला बसले की तेच ओठ आधी दिसतात.

मितू, म्हणजे संघमित्रा, माझी मामेबहीण, माझ्याहून बरीच लहान. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. लहानपणी मितू धावायची, पण बसलेली उठताना मांड्यांवर हात टेकून, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उठायची. आम्हाला त्याचं हसू यायचं, तीही हसायची. सातवीत ती वर्गात पडली आणि तिला उठताच येईना, तेव्हा दवाखाने सुरू झाले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हळूहळू कमजोर होत जाणार, याला औषध नाही. मामानं तिच्यासाठी चाकाची खुर्ची आणली आणि दाराची पायरी स्वतः फोडून उतार केला. दहावीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. खाली दोन खोल्या रिकाम्या होत्या, तरी वर्ग खाली आणता येणार नाही असं शाळेनं कळवलं. मग ड्युटीच्या आधी मामा तिला पाठीवर घेऊन वर चढवायचा आणि सुटीच्या वेळी पुन्हा हजर व्हायचा. मधल्या वेळेत ती पाणीसुद्धा प्यायची नाही, कारण संडास खाली होता. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीनं एक दिवस जागा बदलली. का, ते कुणी सांगितलं नाही.

बारावीनंतर तिला परभणीत शिकायचं होतं. मी आणि ती रिक्षा करून खोली शोधत फिरलो. खालच्या मजल्याची खोली हवी, एवढीच आमची अट. फोनवर सगळे या म्हणायचे. गेल्यावर आधी खुर्चीकडे बघायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग घरात पाहुणे येणार असल्याचं त्यांना आठवायचं. तिसऱ्या की चौथ्या घरानंतर मितू रिक्षात म्हणाली, “ताई, बाकीच्यायला निदान कळतं तरी, आपल्याला का न्हाई म्हणायलेत ते. माझ्याकडं दोन कारणं हायत. कोणत्या कारणानं हाकललं तेच मला कळत न्हाई. रागवावं तरी कशावर?” ती पाथरीला परत गेली, घरी बसून पदवी घेतली, आणि कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि बॅनर तयार करायला लागली. ऑर्डर फोनवर यायच्या. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत तिनं काढलेले मोर आणि कलश पोचले, ती स्वतः फार थोड्या लग्नांना गेली.

त्याच काळात तिच्या मोबाइलवर तो गेम आला. पाचजणांनी मिळून एक किल्ला राखायचा आणि समोरच्या पाचजणांचा पाडायचा. त्यात निवडायला कितीतरी वीर होते... उडणारे, वाऱ्यासारखे पळणारे, आग फेकणारे. मितूनं निवडला तो एक म्हातारा लढवय्या, एका पायानं अधू. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ती त्याला सरदार म्हणायची. पाय ओढत चालायचा, सगळ्यांच्या मागून पोचायचा. पण एकदा त्यानं ढाल जमिनीत रोवली की तिच्यामागं उभ्या असलेल्या कुणालाच काही व्हायचं नाही. खेळणारे सहसा त्याला घेत नसत. “हा लंगडा कुणी आणला?” असं लिहून यायचं. मी तिला विचारलं, तुला वाईट नाही वाटत? ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, “सरदाराचं बरं हाय ताई. त्याला एकच कारण हाय.”

दोन वर्षांत ती त्या गेममध्ये इतकी तरबेज झाली की चार मुलांनी तिला आपल्या टीममध्ये घेतलं. सगळी आपल्याच जिल्ह्यातली. रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून ती त्यांच्याशी बोलायची, ओरडायची, शिव्यासुद्धा द्यायची. मामी दारातून म्हणायची, “कुणाशी भांडायलीस गं?” त्या मुलांना ती फक्त मितू म्हणून माहीत होती. मग परभणीत एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली आणि टीमनं नाव दिलं. मितूनं नवा ड्रेस शिवून घेतला. हॉल वरच्या मजल्यावर होता. मामानं तिला पाठीवर घेतलं, मी मागून खुर्ची आणली.

त्या मुलांचे चेहरे मला आजही दिसतात. टीमचा कॅप्टन पुढं आला, बोलता बोलता थांबला, मग हसला. नाव नोंदवणाऱ्या टेबलावर तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा तो शेजारीच उभा होता. थोड्या वेळानं येऊन म्हणाला, “तू लांबून आलीस, दमली असशील. आज माझा भाऊ खेळेल तुझ्या जागी.” मितूनं ओठ आवळले. मग अगदी शांतपणे विचारलं, “कारण सांग. पाय का आडनाव?” तो म्हणाला, “तसं काही नाही.” ती म्हणाली, “दोन्हीपैकी एक सांग, मी जाते घरी.” तेव्हा टेबलामागच्या माणसानंच सांगितलं की नाव दिलेल्यांनीच खेळायचं, बदली चालणार नाही. मितू खुर्ची पुढं घेऊन आपल्या जागेवर बसली आणि सरदाराला निवडलं.

पहिला सामना ते जिंकले, दुसरा हरले. दोन्हीत सरदाराची ढाल शेवटपर्यंत उभी होती. संपल्यावर चौघांपैकी तिघं निघून गेले. मानवतचा अक्षय तेवढा थांबला, खालून चार चहा घेऊन आला आणि तिच्या खुर्चीपाशी फरशीवर मांडी घालून बसला. परतीच्या वाटेवर पेडगाव मागं पडलं तेव्हा मितूच्या मोबाइलवर दिसलं, कॅप्टननं तिला ग्रुपमधून काढलं होतं. ती रडायला लागली. मामा म्हणाला, “हारजीत चालायचीच बाई.” ती म्हणाली, “हारल्याचं न्हाई रडायले, पप्पा. मला वाटलं होतं, तिथं तरी मी नुसती मितू हाय.” मामानं पुढचा सगळा रस्ता तिचा हात हातातून सोडला नाही.

त्यानंतर अक्षय आणि ती दोघंच खेळत, उरलेल्या जागी कुणी अनोळखी. गेल्या वर्षी तिचे हात जायला लागले. आधी बॅनरचं काम सुटलं, मग जेवण मामी भरवायला लागली. खेळ मात्र सुटला नाही. हात गेल्याचं अक्षयला ठाऊकच नव्हतं. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला, बुद्धवंदनेत मागं बसला, आणि सगळे गेल्यावर मामीला विचारायला लागला की ती शेवटी कशी होती. मामी म्हणाली, “उजवा अंगठा तेवढा हालायचा रे बाबा.” त्यानं खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, “मावशी, मी तिला कितीदा म्हटलं, दुसरा हिरो घे, हा लय सावकाश हाय... बाकीच्यायला दोन्ही हात लागतात. सरदाराला एका अंगठ्यावर उभं करता येतं. ढाल रोवायची आन् धरून ठेवायची.” शेवटच्या आठवड्यातही ती त्याच्या पुढं ढाल धरून उभी होती, आणि त्याला वाटत होतं की ती हट्टानं दुसरा वीर घेत नाही. तो तोंडावर रुमाल धरून बसला. मामीनंच उठून त्याला पाणी दिलं.

त्या दिवशी मी पाथरीला राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, मामा ड्युटीवर गेला, मामी आणि मी बाहेरच्या खोलीत आडव्या झालो. माझा डोळा लागत होता तेवढ्यात मामी उठली. “आले गं, आले,” असं पुटपुटत ती मितूच्या खोलीत गेली. मी दारापर्यंत गेले. शेवटी शेवटी मितूला कूस बदलता यायची नाही, दर थोड्या वेळानं कुणीतरी वळवावं लागायचं, आणि रात्रंदिवस ते मामीच करायची. मामी पलंगावर वाकली होती. एक हात खांद्याच्या जागी, एक हात कमरेच्या जागी, रिकाम्या चादरीवर... क्षणभर तशीच थांबली. मग चादरीची सुरकुती हातानं सरळ केली, माझ्याकडं वळून म्हणाली, “अंग दुखतं गं तिचं एका कुशीवर,” आणि पलंगाच्या कडेला बसली.