आत्याची पंचाहत्तरी आणि माझं गर्भाशय

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुरुषाच्या पोटात गर्भाशय बसवलं. तेही दीडशे पाहुण्यांसमोर.

झालं असं, की माझी मुलगी जुई दहावीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या फ्लेक्ससाठी तिनं कॉम्प्युटरवर मानवी प्रजननसंस्थेच्या दोन आकृत्या काढल्या, एक स्त्रीची, एक पुरुषाची. आकृत्या झकास! बाणसुद्धा काढलेले, फक्त बाणांपुढे नावं टाकायची राहिली होती.

"बाबा, तुमचं मराठी टायपिंग फास्ट आहे नं? हे पुस्तक घ्या, पाहून टाका."

मी मान हलवली. (तिच्याकडे न बघता, पंख्याकडे बघत.)

पुस्तक मी ऑफिसात नेलं. मी हेडक्लार्क, आणि शेजारच्या टेबलावर एक मॅडम. मी ते पान उघडलं, की नेमक्या त्या लोणचं द्यायला यायच्या! तिसऱ्यांदा मी पुस्तक फाइलीखाली दडपलं आणि ठरवलं, पुस्तक लागतंच कशाला? लग्नाला अठरा वर्षं झालीत! आठवली तशी नावं टाकली आणि मोकळा झालो.

आता छपाई. आमच्या गल्लीत फ्लेक्सची दोन दुकानं, पण दोन्ही दुकानदार मला 'काका' म्हणतात. म्हणून अख्खं नागपूर ओलांडून जरीपटक्याला गेलो. सोबत आणखी एक फ्लेक्स छापायचा होता, माझ्या मालूआत्याच्या पंचाहत्तरीचा. आत्या मौद्याकडे नर्स होती. आमच्या खानदानातली अर्धी पोरं तिच्याच हातावर जन्मली, मीसुद्धा.

दुकानात मी कुजबुजत काम सांगितलं. तासाभरानं दुकानदार भर बाजारात ओरडला, "अंकल, आपका प्रजनन रेडी है!"

चार गिऱ्हाइकं वळली. एका बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोनों पॅक करो भाई! बाहर से कुछ दिखना नहीं चाहिए, ऊपर कुछ लिखना भी नहीं!"

त्यानं दोन सारख्या सुरळ्या, सारख्या कागदात, सारख्या दोरीनं बांधून दिल्या.

रविवारी हॉलवर मी त्यातली एक माझ्या साळ्याला, मनोजला दिली. तो म्हणाला, "भाऊजी, एकदा उघडून पाहून घेऊ का?"

"नको!" मी किंचाळलो. (समजा दुसरीच निघाली, तर चार लोक पाहतील!)

मनोजनं सुरळी तशीच स्टेजवर टांगली, दोरी ओढली की उलगडेल अशी. आत्या खुर्चीत बसली. मी माईक घेतला आणि सुरुवात केली. "जिच्यामुळे आपण सगळे या जगात आलो..."

मनोजनं दोरी ओढली.

सहा फूट. रंगीत.

"अरे देवा!" हे माझं वाक्य चालू माईकमधून मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं.

"अहो, काय पाहून राहिले? झाका नं ते!" बायको ओरडली.

मी धावलो आणि हात पसरून फ्लेक्ससमोर उभा राहिलो. त्यामुळे सगळे बाण माझ्याच अंगातून निघाल्यासारखे दिसायला लागले!

"सरक गा बाजूले!" आत्या उठली. चष्मा सावरत फ्लेक्सजवळ गेली. "मस्त काढलं वं! कोनं काढलं?"

"मी, आत्याआजी," जुई म्हणाली.

"अन् नावं?"

जुईनं मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

आत्यानं काठी पुरुषाच्या पोटावर टेकवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "गर्भाशय." मग काठी बाईकडे नेली. "वृषण."

हॉल हशानं फुटला.

"इतकी बाळंतपणं केली मी, पण असा मानूस कुठं पाहिला नाही! तुले मीच बाहेर काढलं, अन् कुठून काढलं तेही तुले माहीत नाही गा?"

मी हसून बघितलं, जमलं नाही. कान असे तापले, की त्यांवर पापड भाजले असते.

पण खरी लाज पुढेच होती. आत्यानं काठी जुईच्या हातात दिली. "तू सांग वं या सगळ्यायले." आणि माझ्या पोरीनं एकेक अवयव, त्याचं बरोबर नाव, त्याचं काम, सरळ आवाजात सांगितलं. पाळी काहून येते तेही! बायका पुढच्या खुर्च्यांवर सरकल्या. माझी सत्तरीची मामी हळूच म्हणाली, "पाच लेकरं झाली मले, पन हे कोनी सांगितलंच नाही वं." तेव्हा कुणीही हसलं नाही. मी मठ्ठ्याच्या टेबलामागे उभा होतो, आणि जुईनं इकडे पाहिलं की खाली वाकून ग्लास मोजल्यासारखं करत होतो.

सोमवारी मी नावं दुरुस्त करून, गल्लीतल्याच दुकानातून, नवा फ्लेक्स आणला. आत्या आठवडाभर आमच्याकडेच राहिली आणि रोज सकाळच्या चहानंतर तिनं माझी तोंडी परीक्षा घेतली. निघताना निकाल लागला: दहापैकी चार.

"चार का होईना, मिळाले!" मी म्हणालो.

"खुश नको होऊ गा," आत्या चपला घालत म्हणाली. "चारही प्रॅक्टिकलचे आहेत, जुई झाली म्हणून देले. थेअरीत तुले भोपळाच!"