भैरोबाचा शेंदूर आणि सांगलीचं बक्षीस

सोमवारी टपालानं आलं ते असं: एक लांब पाकीट, आत निवडीचं पत्र, अटींचा छापील कागद आणि सही करायचा नमुना. पाकिटाला तिकीट कमी लावलेलं, म्हणून पोस्टमनला दंडाचे चाळीस पैसे दिले. त्याच दुपारी बाजारातून आलं: शेंदूर साठ पैशांचा, गोडेतेल पाऊण रुपयाचं, नारळ एक, सव्वा रुपयाचा. घासाघीस केली नाही. नवसाच्या वस्तूला करू नये.

नवस असा. वाईच्या घाटाकडेचं एक लहानसं महादेवाचं देऊळ आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी दोन वर्षं खपून मूळच्या रूपात आणलं. रंगाचे पापुद्रे लाकडी पट्टीनं खरवडले. सांधे भरायला चुना, वाळू, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर चुन्याच्या दगडी घाणीवर दळून घेतला. भिंतीतून ढाल-तलवारीचा एक कोरीव वीर निघाला. तो भैरोबाच, असं सगळ्या म्हणाल्या. सांगलीची एक संस्था जुन्या वास्तू नीट राखणाऱ्यांना बक्षीस देते, तिथं अर्ज केला. कोयनेच्या भूकंपात शिखराला चीर गेली आहे, ती दर पावसाळ्यात रुंदावते. बक्षिसाच्या पैशात तिचं काम होणार होतं. म्हणून मी भैरोबाला बोलले होते, निवड झाली तर शेंदूर लावीन.

शेंदूर लावला, नारळ वाढवला, घरी येऊन हातपाय धुतले आणि मग अटींचा कागद वाचला. सातवी अट: सापडलेल्या कोरीव दगडांना रंग, तेल, शेंदूर काही लावू नये, आणि लावलेलं नाही असं बक्षीस घेताना लिहून द्यावं. संस्थेच्या परीक्षकबाई पाहून गेल्या तेव्हा दगड कोरा होता.

हे म्हणाले, “सही कर नि गप्प बस. सांगलीहून पुन्हा कोण बघायला येतंय?”

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं निघाले. सोबत सरूबाई, आमच्या गवंड्याची बायको. घाणीवरचा सगळा चुना हिनं दळलेला, म्हणून मंडळानं तिलाच धाडलं. साताऱ्याला गाडी बदलली. जायचं भाडं दोघींचं मिळून सतरा रुपये. कुणाला जायचं असेल तर साताऱ्याला उजव्या बाजूची जागा धरा, ऊन लागत नाही; आम्ही डावीकडे बसलो आणि कऱ्हाडपर्यंत पदर डोक्यावर ओढून बसलो.

इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांमागं गाडी अडकली, ती मुंगीच्या चालीनं निघाली. घड्याळाकडं बघून माझा जीव वरखाली होत होता. तीनला पोचायचं होतं.

“आवं वैनी, गाडी तुमी ढकलताय व्हय? टेका की जरा,” सरूबाई म्हणाली.

मग मी तिला सातवी अट सांगितली. इतका वेळ मनातच ठेवली होती.

ती म्हणाली, “मंग फुसून टाका.”

“लावलेला शेंदूर कसा पुसायचा? माझा थोरला पलटणीत आहे, सरूबाई. देवाच्या अंगावरचं मी काढू?”

“मंग खोटं लिवा.”

“महादेवाच्या कामात खोटं?”

“न्हाई फुसायचं, न्हाई लिवायचं. मंग सांगलीला कशापायी चाललोय? भडंग खायाला?” आमच्यापुढं बसलेल्या आजोबांना हसू आवरेना.

इस्लामपूरच्या स्टँडवर बांधून आणलेली पिठलं-भाकरी खाल्ली. चहा एकच घेतला, बशीत अर्धा अर्धा केला. मला तोही जाईना.

सांगलीत उतरल्या उतरल्या हळदीचा वास नाकात बसतो. बाजारपेठेतून चालतच गेलो, रिक्षा केली नाही. संस्थेचं कार्यालय पहिल्या मजल्यावर. टेबलावर पितळी पाटी ठेवलेली, तिच्यावर आमच्या मंडळाचं नाव कोरलेलं. ते बघून डोळे भरून आले. परीक्षकबाईंनी नमुना पुढं सरकवला, दौत उघडून दिली.

मी टाक हातात घेतला आणि बोलून गेले, “बाई, शेंदूर लावलाय. मीच लावलाय.”

बाईंनी चष्मा काढला. “कुणाला?”

“भैरोबाला.”

“तो भैरोबा नाही हो. वीरगळ आहे तो. खालच्या पट्टीत गाई कोरल्यात, पाहिल्यात ना? गावची गुरं सोडवताना पडलेला कुणी माणूस आहे तो.”

सरूबाई भिंतीला टेकून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, “मंग त्योच द्येव की, बाई. गाईंसाठनं मेला, त्यो द्येव न्हाई तर काय?”

बाई चष्मा लावत म्हणाल्या, “त्या गाई आता शेंदराखाली गेल्या. तुम्हालाच त्या दिसायच्या नाहीत.” पाटी त्यांनी कपाटात ठेवली. दोन महिन्यांत लोखंडी हत्यार न लावता दगड मोकळा करून फोटो पाठवला तर बक्षीस आमचं. नाहीतर दुसऱ्या गावाचं.

रिकाम्या हातानं परतलो. पावशेर भडंग मात्र सरूबाईनं स्वतःच्या पैशानं घेतली आणि वाटभर मला खायला लावली.

घरी येऊन अकरा दिवस झाले. हे बोलत नाहीत. मंडळातल्या निम्म्या बायका म्हणतात, शेंदराला हात लावशील तर बघ. निम्म्या म्हणतात, चीर तुझ्यामुळे राहिली. गुरुजी म्हणतात, देवाचं कवच आपणहून सुटलं तर ते नदीत सोडायचा विधी आहे. आपल्या हातानं सोडवायचा विधी त्यांना ठाऊक नाही. मी रोज घाटावर जाते, दुरून नमस्कार करते. सही केली नाही म्हणून झोप तेवढी लागते. पण त्या माणसानं ज्या गाईंसाठी जीव दिला त्या मी झाकल्या, हे मनातून जात नाही.

वाचक भगिनींनो, तुमच्या गावी देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच कुणी विधिपूर्वक उतरवलं असेल, तर आधी काय म्हणायचं, नैवेद्य कसला, आणि कोरीव कामाला ओरखडा न पडता शेंदूर कशानं निघतो, एवढं ह्या अंकातल्या पत्त्यावर उलट टपाली कळवा. तिकीट पुरतं लावा. दोन महिन्यांतले अकरा दिवस गेले.