बरणीतले थोरले भाऊ

आमच्या नाशिकच्या मेडिकल कॉलेजात मी संग्रहालयाचा कारकून आहे. तिथल्या, औषधात बुडवून ठेवलेल्या मृत बाळांच्या आणि अवयवांच्या बरण्या एक मामा पुसतात. ते मूळचे सुरगाण्याकडचे. कुणी "नमुना" म्हटलं की ते लगेच म्हणतात, "माणूस हाय तो," आणि बरणी हळूच उजेडाकडे फिरवतात.

परवा त्यांच्या गावाकडची एक सासू सुनेला घेऊन दवाखान्यात आली होती. सुनेला झालेली जुळी छातीशी एकमेकांना चिकटलेली होती, ती जगली नाहीत. गावाने तिला डाकीण ठरवलं होतं. हे कळल्यावर मामांनी दोघींना थेट आमच्या शेवटच्या कपाटापाशी आणलं. तिथल्या बरणीत तशीच जुळी आहेत.

"आजी, हे माझे थोरले भाऊ," मामा म्हणाले. "माझ्या आईलाबी लोक डाकीणच म्हणायचे. यांच्या पाठचा मी. बघा, धडधाकट हाय का नाय?"

सासूने मामांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. जाताना तिने सुनेचा हात धरला होता.

ती बरणी मुंबईच्या एका कॉलेजातून आली आहे. नोंद माझ्याच अक्षरात आहे. पण आता विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी ताठ मानेने सांगतो, "ते आमच्या मामांचे भाऊ."